घरच्या पवनचक्कीसाठी जागेची पारख

गेल्या मे महिन्यात मी ग्वाल्हेरला काकांकडे गेलो होतो. १८१० साली दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ पडला, त्यातून वसलेल्या लष्कर भागात त्यांचे दुमजली घर आहे. दुपारी लू सुटली की गच्चीवरचे कपडे उडून जातात. ते पाहून निवृत्तीच्या ठेवीतून गच्चीवर लहानशी पवनचक्की बसवावी, असे काकांच्या मनाने घेतले. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. "तूच हिशेब मांड," ते म्हणाले. तो हिशेब असा.

पहिली नोंद वेगाची. वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग निम्मा झाला की शक्ती एक अष्टमांश उरते. २ मीटर व्यासाची चक्की, कार्यक्षमता २५ टक्के धरू. सेकंदाला ५ मीटर वेगाच्या वाऱ्यात तिच्यापासून सुमारे ६० वॅट वीज मिळेल. अडीच मीटर वेगात हिशेबाने जेमतेम ७ वॅट. प्रत्यक्षात बहुतेक चक्क्या ३ मीटरच्या आसपास वेग आल्याशिवाय वीज देतच नाहीत.

दुसरी नोंद अडथळ्यांची. इमारतीला अडलेला वारा फुटतो, त्यात भोवरे होतात. म्हणून सुमारे १५० मीटरच्या आतील प्रत्येक अडथळ्याहून पाती निदान ९ मीटर उंच असावीत, असा संकेत आहे. लू पश्चिमेकडून येते आणि काकांच्या पश्चिमेलाच चौमजली इमारत आहे! एवढा उंच खांब गच्चीवर उभारला, तर त्याची थरथर भिंतींना सोसावी लागणार. आपल्याकडे गदग, चित्रदुर्ग किंवा साताऱ्याजवळील चाळकेवाडी येथे चक्क्या उघड्या, उंच जागी आहेत, त्या याचसाठी.

तिसरी नोंद काळाची. लू उन्हाळ्यापुरती, हिवाळ्यात ग्वाल्हेरला धुके आणि स्तब्ध हवा. दोन-तीन महिन्यांच्या जमेवर बारा महिन्यांचा खर्च कसा भागावा? म्हणून चक्की घेण्यापूर्वी, ती जेथे फिरणार त्या उंचीवर वायुवेगमापक लावून वर्षभर नोंदी घ्याव्यात.

हिशेब वाचून काकांचा थोडा हिरमोड झाला. पण ठेव मोडली गेली नाही. त्याच गच्चीवर ऊन मात्र भरपूर आहे. आता काका सौरपट्ट्यांचा भाव विचारीत आहेत, आणि तोही हिशेब माझ्याकडेच आला आहे.