अंगणातून घरात : पहिल्या तीन वर्षांचे शिक्षण

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा वंचित वस्त्यांतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, असे त्यांना आढळून आले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, या विचारातून त्यांनी व अनुताई वाघ यांनी अंगणवाडी साकार केली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा प्रारंभ झाला आणि अंगणवाडी देशभर पोचली.

आता अंगणातून उंबरठा ओलांडून घरात जावयास हवे. अंगणवाडीतील पूर्वप्राथमिक शिक्षण तिसऱ्या वर्षी सुरू होते. बालकाचा मेंदू मात्र तोवर थांबून राहत नाही. तिसऱ्या वर्षापर्यंत तो आकारमानाने प्रौढाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के झालेला असतो. या काळातील शिक्षक म्हणजे घरातील माणसेच होत.

त्यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत की वेगळा वेळ काढावा लागत नाही. तेल लावताना, न्हाऊ घालताना एकेका अवयवाचे नाव घ्यावे. बाळाने हुंकार दिला की त्याला उत्तर द्यावे व पुन्हा त्याच्या हुंकाराची वाट पाहावी. या देवघेवीतूनच भाषा अंकुरते. सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचे अन्न सुरू करताना बळजबरी न करता, बोलत बोलत भरवावे. स्वयंपाक चालू असता रांगत्या मुलाला चुलीपासून दूर बसवून लहानमोठ्या वाट्या व डब्यांची झाकणे खेळावयास द्यावीत. कोणते झाकण कोठे बसते, हे शोधताना ते आकार व मापे शिकते. शेंगदाणे, हरभरे, मणी मात्र त्याच्या हाती पडू देऊ नयेत. ते घशात अडकण्याचा धोका असतो.

हे काम एकट्या मातेचे नव्हे. संध्याकाळी घरी आलेल्या पित्याने मुलाला मांडीवर घेऊन दिवसभरात काय पाहिले ते विचारावे. आजीआजोबांनी बडबडगीते म्हणावीत. रडणे थांबविण्यासाठी मोबाईल हाती देण्याची सवय अनेक घरांत रुजली आहे. दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सुचविले आहे. पडदा बोलतो खरा, पण मुलाच्या हुंकाराला तो उत्तर देत नाही.

पालकसभा मजुरीच्या वेळेत भरली, तर ज्यांच्यासाठी ती भरवावयाची तेच पालक अनुपस्थित राहतात. ग्रामपंचायत सदस्यांनी ती सायंकाळी, वस्तीवरच घ्यावी व पित्यांना आवर्जून बोलवावे. शिक्षकांनी व अंगणवाडी सेविकांनी उपदेशापेक्षा प्रात्यक्षिकावर भर द्यावा. वर्षाचे होऊनही हाकेला प्रतिसाद न देणारे किंवा दीड वर्षाचे होऊनही एकही शब्द न बोलणारे मूल दिसल्यास त्याला विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. पहिलीच्या वर्गात मागे पडणाऱ्या अनेक मुलांची उणीव या तीन वर्षांतच निर्माण झालेली असते. ती तेथेच भरून काढणे अधिक सुकर आहे.