मापात पाप : घरगुती ॲसिड क्रीमचं गणित

सेकंड इयरच्या गॅदरिंगच्या आधीची गोष्ट. माझ्या रूमपार्टनरच्या गालांवर पिंपल्सचे काळे डाग राहिले होते. "तू केमिकलवाला ना? मग कर की काहीतरी!" असं तो म्हणाला आणि माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. लॅक्टिक ॲसिडची बाटली आणली, व्हॅनिशिंग क्रीमच्या डबीत अंदाजे दोन चमचे ओतलं आणि ढवळलं. क्रीम नासलेल्या दुधासारखं फुटलं. तरी त्या भल्या माणसाने ते रात्रभर लावलं आणि दुसऱ्या दिवशी भर उन्हात मॅच खेळला. चेहरा लालबुंद झाला, सालं निघाली आणि पुढे कित्येक महिने डाग आधीपेक्षाही काळे दिसत होते. गॅदरिंगला तो आलाच नाही.

लॅबच्या मामांना हे कळलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "पीएच मोजला होतास का?" मोजला नव्हता. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा लिहिलेलं उत्तर.

डाग फिके का होतात?
त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात मृत पेशी एकमेकींना चिकटून असतात. लॅक्टिक किंवा ग्लायकोलिक आम्ल ही पकड सैल करतं. रंगद्रव्य साठलेल्या पेशी लवकर गळतात आणि रंग हळूहळू एकसारखा होतो. पण आम्ल जास्त झालं की त्वचा भाजते, आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर भाजल्याचा डाग काळाच पडतो. म्हणजे रोगापेक्षा औषध भयंकर!

पीएचचं गणित
बाटलीवरचा टक्का पुरेसा नाही. काम करतं ते मुख्यतः मुक्त, म्हणजे आयन न झालेलं आम्ल. लॅक्टिक आम्लाचा पीकेए ३.८६ आहे. मुक्त आम्लाचा वाटा = १ ÷ (१ + १०^(पीएच − पीकेए)). समजा क्रीममध्ये ५ टक्के आम्ल आहे. पीएच ३ ला त्यातलं सुमारे ४.४ टक्के मुक्त असतं, पीएच ४ ला २.१ टक्के आणि पीएच ५ ला जेमतेम ०.३ टक्के. क्रीम तेच, बाटली तीच, पण परिणामात जमीन-अस्मानाचा फरक. आणि ५ टक्के आम्ल नुसतं पाण्यात टाकलं तर पीएच २ च्या आसपास जातो. माझ्या डबीत तर किती टक्के होतं, देव जाणे. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने १९९८ साली घरगुती वापरासाठी आम्ल १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३.५ किंवा जास्त, अशी मर्यादा सांगितली आहे.

क्रीम का फुटलं?
व्हॅनिशिंग क्रीममध्ये तेल आणि पाणी बहुधा स्टिअरिक आम्लाच्या साबणाने एकत्र बांधलेलं असतं. आम्ल पडलं की साबण तुटतो, तेल वेगळं आणि आम्लाचं पाणी वेगळं. म्हणून इथे नॉन-आयॉनिक इमल्सिफायर लागतो.

१०० ग्रॅमची कृती
१) तेल १० ग्रॅम, नॉन-आयॉनिक इमल्सिफाइंग वॅक्स ६ ग्रॅम, सिटाइल अल्कोहोल २ ग्रॅम एका बीकरमध्ये घ्या.
२) दुसऱ्यात डिस्टिल्ड वॉटर ६५ ग्रॅम, ग्लिसरीन ४ ग्रॅम, सोडियम बेन्झोएट अर्धा ग्रॅम घ्या.
३) दोन्ही ७० ते ७५ अंशांपर्यंत तापवून एकत्र करा. ४० अंशांपर्यंत थंड होईतो ढवळत राहा.
४) ८८ टक्क्यांचं लॅक्टिक ॲसिड ५.७ ग्रॅम घाला (५ ÷ ०.८८).
५) सोडियम हायड्रॉक्साइडचं २० टक्के द्रावण थेंब थेंब टाकून पीएच ४ वर आणा. साधारण ६ ग्रॅम लागेल, पण गणितावर विसंबू नका, मीटरवर बघा.

गॉगल आणि हातमोजे हवेतच. हायड्रॉक्साइड पाण्यात घालायचं, पाणी हायड्रॉक्साइडवर नाही. मेसमधली भांडी वापरू नका. क्रीम फ्रिजमध्ये ठेवा आणि महिन्याभरात टाकून द्या, कारण प्रिझर्व्हेटिव्ह एकच आहे.

लावताना
आधी दंडाच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहा. मग आठवड्यातून दोनच रात्री, पातळ थर. फुटलेल्या पिंपलवर किंवा नुकतीच दाढी केलेल्या जागी नको. या आम्लांनी त्वचा उन्हाला हळवी होते. २००५ साली अमेरिकेच्या एफडीएने अशा क्रीमवर तशी सूचना छापायला सांगितलं ते उगीच नाही. दिवसा सनस्क्रीन लावायला जमत नसेल तर क्रीमच्या वाटेला जाऊ नका. चटका बसला तर लगेच धुवा. डाग पसरत असतील किंवा वाढत असतील तर सरळ त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

आणि हो, हे सगळं डागांसाठी, गोरं होण्यासाठी नाही. सावळा रंग हा काही दुरुस्त करायचा दोष नव्हे.

रूमपार्टनरने मला कधीच माफ केलंय. पण अजूनही मी काही मिसळायला घेतलं की तो लांबूनच ओरडतो, "मोजलंस का रे?" आता मी मोजतो.