बँकेचा संगणक बंद पडला तर : नुकसानभरपाई मागावी काय?

शेळगाव व इंदापूर-बारामती परिसरातील गावांत उसाचे बिल, दुधाचा पगार, निराधार योजनेचे अनुदान आणि विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती ही रक्कम आज हातात मिळत नाही, ती खात्यावर जमा होते. त्यामुळे बँकेचा संगणक बंद पडला की नुसती बँक बंद पडत नाही, घरातील व्यवहारच थांबतो. 'आज लिंक नाही, उद्या या' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. अशा वेळी ग्राहकाने नुकसानभरपाई मागावी की 'यंत्राचा दोष, माणसाचा नव्हे' म्हणून गप्प बसावे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

भरपाई ही मेहेरबानी नव्हे

आपल्या भागातील शेतकऱ्याला एक गोष्ट पुरती ठाऊक आहे. ऊस नियंत्रण आदेश, 1966 प्रमाणे कारखान्याने उसाची रक्कम 14 दिवसांच्या आत द्यावयाची असते. विलंब झाल्यास थकीत रकमेवर द.सा.द.शे. 15 टक्के व्याज देणे लागते. हे व्याज मागणाऱ्या शेतकऱ्यास कोणी लोभी म्हणत नाही. दुसऱ्याचे पैसे आपल्याकडे अडकवून ठेवले तर त्याची किंमत मोजावी लागते, एवढेच त्यामागील तत्त्व. बँकेच्या बाबतीतही तत्त्व हेच आहे; फरक इतकाच की तेथील नियम आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे.

दोन प्रकारची अडचण

या विषयात सर्वांत मोठा घोटाळा होतो तो दोन वेगळ्या गोष्टी एक समजल्याने. पहिला प्रकार : यंत्रणा बंद आहे, व्यवहार झालाच नाही, पैसे खात्यातच आहेत. दुसरा प्रकार : रक्कम आपल्या नावे पडली, परंतु एटीएममधून नोटा आल्या नाहीत, किंवा समोरच्याच्या खात्यावर जमा झाली नाही.

दि. 31 जुलै 2024 रोजी काय झाले ते पाहू. देशातील अनेक सहकारी व ग्रामीण बँकांना संगणकसेवा पुरविणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर संगणक-हल्ला झाल्याचा संशय आला. लागण पसरू नये म्हणून राष्ट्रीय देयक महामंडळाने या कंपनीचा संबंध आपल्या यंत्रणेपासून तात्पुरता तोडला. सुमारे 300 लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय व एटीएमचे व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत झाली. ज्याला त्या दिवशी पैसे काढताच आले नाहीत तो पहिल्या प्रकारात मोडतो. ज्याची रक्कम अशा वेळी नावे पडून मध्येच अडकते तो दुसऱ्या प्रकारात. दोघांचे हक्क सारखे नाहीत.

ठरलेली भरपाई : दररोज 100 रुपये

दुसऱ्या प्रकारासाठी रिझर्व्ह बँकेने दि. 20 सप्टेंबर 2019 रोजी परिपत्रक काढले व ते 15 ऑक्टोबर 2019 पासून लागू झाले. ग्राहकाचा दोष नसताना, म्हणजे संपर्क तुटला, यंत्रात रोकड नव्हती, वेळ संपली अशा कारणाने व्यवहार अपुरा राहिला तर रक्कम ठरलेल्या मुदतीत परत जमा झालीच पाहिजे. मुदती अशा :

1. एटीएममधून रोकड न मिळणे — व्यवहाराच्या तारखेपासून 5 दिवस.
2. यूपीआय किंवा आयएमपीएसने पाठविलेली रक्कम समोरच्यास न मिळणे — 1 दिवस.
3. दुकानदारास यूपीआयने दिलेली रक्कम त्याला न पोहोचणे — 5 दिवस.
4. आधार व अंगठ्याच्या व्यवहारात रक्कम नावे पडून दुकानी खात्री न येणे — 5 दिवस.

या मुदतीनंतरच्या प्रत्येक दिवसास 100 रुपये भरपाई आहे. उदाहरण घेऊ. 1 जूनला एटीएममधून 2,000 रुपये नावे पडले, नोटा आल्या नाहीत. मुदत 6 जूनला संपली. रक्कम 16 जूनला परत आली. विलंब 10 दिवसांचा, म्हणून भरपाई 1,000 रुपये. रक्कम 500 असो वा 5,000, दर तोच. म्हणूनच हा नियम गरिबाच्या अधिक उपयोगाचा आहे. आणखी महत्त्वाची बाब अशी की ही भरपाई ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता बँकेने आपण होऊन द्यावयाची आहे. म्हणून मूळ रक्कम परत आली की पासबुक भरून घ्यावे आणि भरपाईची नोंद शोधावी. नसेल तर मागावी. यात संकोच कसला?

नुसत्या गैरसोयीची भरपाई मिळते काय?

पहिल्या प्रकारात 100 रुपयांचा नियम लागू होत नाही. तेथे आपले नुकसान आपणच सिद्ध करावे लागते. कर्मचाऱ्यांच्या संपामुळे सेवा बंद राहिली म्हणून एका ग्राहक संस्थेने बँक ऑफ बडोदाविरुद्ध भरपाई मागितली होती. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली नाही. भरपाईसाठी बँकेचा निष्काळजीपणा आणि त्यातून झालेली हानी या दोन्ही गोष्टी दिसल्या पाहिजेत, असा त्या निकालाचा आशय आहे. उलट, सरकारी यंत्रणेने नाहक छळ केला तर त्या त्रासाचीही भरपाई देता येते, हे याच न्यायालयाने 1993 मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितले. याचा अर्थ सरळ आहे. दोन तास रांगेत उभे राहिलो, एवढ्यावर दावा टिकणे कठीण. परंतु यंत्रणा बंद राहिल्याने परीक्षेचे शुल्क वेळेत भरले गेले नाही व दंड बसला, कर्जाचा हप्ता चुकून दंडव्याज लागले, दिलेला धनादेश परत गेला, तर ती मोजता येणारी हानी आहे. ती अवश्य मागावी.

बँकेवर कारवाई झाली, ग्राहकाला काय मिळाले?

नोव्हेंबर 2020 मध्ये मुंबईच्या एचडीएफसी बँकेची सेवा तिच्या मुख्य संगणककेंद्रातील वीज गेल्याने कोलमडली. आधीच्या दोन वर्षांतही असे प्रकार घडले होते. रिझर्व्ह बँकेने 2 डिसेंबर 2020 च्या आदेशाने तिला नवी क्रेडिट कार्डे देण्यास व नवे डिजिटल उपक्रम सुरू करण्यास मनाई केली. ती पूर्णपणे उठली मार्च 2022 मध्ये. ही शिस्त आवश्यकच होती, पण तीतून ग्राहकाच्या खात्यावर काही जमा होत नाही. इंग्लंडमधील टीएसबी बँकेने एप्रिल 2018 मध्ये संगणकप्रणाली बदलली आणि लाखो ग्राहकांचे व्यवहार अडले. डिसेंबर 2022 मध्ये तिला सुमारे 4 कोटी 86 लाख पौंड दंड झाला. त्याखेरीज ग्राहकांना तिने 3 कोटी 27 लाख पौंड भरपाई दिली होती. दंड वेगळा, भरपाई वेगळी. भरपाई न मागणाऱ्याला दंडाचा उपयोग नाही.

'बँक आपलीच आहे' हा आक्षेप

सहकारी बँकेच्या बाबतीत एक आक्षेप ऐकू येतो, व तो विचार करण्याजोगा आहे. बँक सभासदांची, भरपाई दिली तर ती आपल्याच खिशातून जाणार. मग मागून काय साधले? पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट 2018 मध्ये संगणक-दरोडा पडला व 94 कोटी 42 लाख रुपये गेले. ग्राहकांच्या खात्यातील रकमेला धक्का लागलेला नाही, असे बँकेने तेव्हा जाहीर केले. तो भार संस्थेने सोसला, एकेका खातेदारावर टाकला नाही. हेच न्याय्य होय. यंत्रणेच्या बिघाडाचा भार सर्वांनी मिळून थोडा थोडा उचलावा. ज्याचे 2,000 रुपये अडकले त्या एकट्या निराधार बाईने का उचलावा? शिवाय भरपाई द्यावी लागली की संचालक मंडळ संगणक पुरविणाऱ्या कंपनीला जाब विचारते, पर्यायी व्यवस्था उभी करते. सभासद गप्प राहिले तर यातले काहीच घडत नाही. आपली बँक म्हणून न मागणे ही तिची सेवा नव्हे.

मात्र मागणी खरी असावी. झालेली हानी 500 असता 5,000 सांगणे म्हणजे त्याच सभासदांच्या पैशावर हात मारणे होय.

मार्ग

प्रथम शाखेत लेखी अर्ज द्यावा. तारीख, वेळ, रक्कम, व्यवहार क्रमांक लिहावा. एटीएमची चिठ्ठी किंवा मोबाईलवरील संदेश जपावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी तक्रारीला पुरावा नसतो. 30 दिवसांत उत्तर न आल्यास किंवा समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. 2021 च्या योजनेने प्रत्यक्ष हानीसाठी 20 लाख व त्रासासाठी 1 लाख रुपयांपर्यंत मर्यादा घातली; अशा मर्यादा वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्जापूर्वी पाहून घ्याव्यात. 1 नोव्हेंबर 2025 पासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही या योजनेखाली आल्या, ही आपल्या भागासाठी मोठी गोष्ट आहे. पतसंस्था मात्र तिच्या कक्षेत नाहीत. त्यांच्याविरुद्ध सहकार खात्याकडे वा ग्राहक आयोगाकडे जावे लागते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात, दोन वर्षांच्या आत, वकिलाशिवायही तक्रार मांडता येते.

विद्यार्थ्यांना एक सांगणे आहे. घरातील व शेजारच्या वडीलधाऱ्यांची पासबुके महिन्यातून एकदा वाचून दाखवा. नावे पडलेली आणि परत न आलेली रक्कम बहुधा त्यांच्याच खात्यात सापडते, कारण ती शोधायला कोणी गेलेलेच नसते. सापडली तर अर्ज तुम्ही लिहा, सही किंवा अंगठा त्यांचा घ्या आणि पोच त्यांच्या हातात द्या.

अभ्यासासाठी प्रश्न

1. 3 मार्चला यूपीआयने मामास पाठविलेले 800 रुपये त्याला मिळाले नाहीत व 11 मार्चला परत आले. भरपाई किती?
2. दिवसभर 'लिंक नाही' म्हणून पैसे काढता आले नाहीत. अन्य हानी झाली नाही. दावा करावा काय? कारण द्या.
3. बँकेवरील दंड व ग्राहकाची भरपाई यांतील फरक उदाहरणाने स्पष्ट करा.
4. घरातील एका पासबुकाच्या मागील तीन महिन्यांच्या नोंदी तपासून अपुऱ्या राहिलेल्या व्यवहारांची यादी करा.