मांजर आणि वाळूचे भांडे

कोलकात्याच्या उत्तरेकडील डमडम हे नाव बाहेरच्या जगाला ठाऊक झाले, ते तेथील दारूगोळ्याच्या कारखान्यामुळे आणि पुढे विमानतळामुळे. या भागात एके काळी अंगण, परसदार आणि जवळपास एखादे तळे असलेली घरे पुष्कळ होती. गेल्या काही दशकांत त्यांपैकी अनेक पाडली गेली व त्या जागी चार-पाच मजली इमारती उभ्या राहिल्या. या बदलाचा माणसांवर काय परिणाम झाला याची चर्चा होते. मांजरांचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही. परसातील मऊ मातीत आपला विधी उरकून तो झाकून टाकणारे मांजर आता तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांत राहते आणि न्हाणीघराच्या कोपऱ्यात ठेवलेले वाळूचे भांडे हेच त्याचे परसदार असते.

महिनोन्महिने हे भांडे नेमाने वापरणारे मांजर एके दिवशी ते सोडून गादीवर किंवा पायपुसण्यावर लघवी करू लागते. घरातील मंडळी चिडतात. मांजर लबाड झाले, रागावले म्हणून मुद्दाम करते, असा निष्कर्ष निघतो. काही घरांत त्याला मार बसतो, तर काही घरांतून त्याची पिशवीत घालून दूरच्या मासळी बाजारात रवानगी होते.

बंगालमध्ये मांजर हे षष्ठी देवीचे वाहन मानले जाते. मुलाबाळांचे रक्षण करणारी ही देवी म्हणजे महाराष्ट्रातील सटवाईचीच बहीण म्हणावी लागेल. तिच्या व्रतकथेत घरातील एक खादाड सून चोरून खाते व आळ मांजरावर घालते. मांजर देवीकडे गाऱ्हाणे नेते आणि त्या सुनेची मुले एकेक करून नाहीशी होतात. गादी ओली करणाऱ्या मांजरावरचा आळ बहुधा याच जातीचा असतो. सूड उगवण्यासाठी घाण करणे हा विचार माणसाचा आहे. मांजराच्या वर्तनाचा उलगडा त्याने होत नाही.

आजच्या सर्व पाळीव मांजरांचा पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका व पश्चिम आशिया येथील कोरड्या प्रदेशातील रानमांजर होय. सायप्रस बेटावर सुमारे 9,500 वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी पुरलेले मांजर आढळले. हा शोध 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. मोकळी वाळू उकरून त्यात विष्ठा पुरणे ही या कुळाची जात्याच असलेली सवय आहे. चार आठवड्यांचे पिलूही कोणी न शिकवता भुसभुशीत माती उकरू लागते. म्हणजे भांडे वापरायला मांजराला शिकवावे लागत नाही, फक्त त्याला योग्य वाटेल अशी जागा द्यावी लागते. आणि म्हणूनच ते ती जागा सोडते, तेव्हा काहीतरी बिघडलेले असते.

सर्वप्रथम शंका घ्यावी ती आजाराची. वाळवंटी पूर्वजाकडून मांजराला आणखी एक वारसा मिळाला आहे. ते पाणी थोडे पिते आणि त्याचे मूत्र अतिशय दाट असते. अशा मूत्रात स्फटिक व खडे होण्याचा संभव असतो. मूत्राशयाला सूज आली की लघवी करताना वेदना होतात. मांजर त्या वेदनेचा संबंध भांड्याशी जोडते व दुसरी, मऊ किंवा थंड जागा शोधू लागते. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार जडलेल्या मांजराला वारंवार लघवी होते आणि भांड्यापर्यंत पोहोचायला उशीर होतो. म्हाताऱ्या मांजराचे सांधे दुखत असतील, तर भांड्याची उंच कडही त्याला ओलांडवत नाही.

यांत सर्वांत घातक स्थिती बोक्याची. बोक्याचा मूत्रमार्ग लांब व टोकाशी फार अरुंद असतो. बारीक खडा किंवा चिकट गाळ अडकून तो पूर्ण बंद होऊ शकतो. असा बोका पुन्हा पुन्हा बसतो, कुंथतो, ओरडतो, आपले गुह्यांग सतत चाटतो. लघवीचा थेंबच पडतो, तोही कधी रक्तमिश्रित, किंवा काहीच पडत नाही. घरचे लोक याला बद्धकोष्ठ समजून तूप किंवा एरंडेल पाजत बसतात आणि मोलाचे तास निघून जातात. तुंबलेल्या मूत्रामुळे मूत्रपिंडे काम थांबवतात, रक्तातील पोटॅशियम वाढते व हृदय बंद पडते. दोन-तीन दिवसांत बोका दगावतो. यावर घरगुती उपाय नाही. नळी घालून मार्ग मोकळा करणे हे पशुवैद्याचेच काम, आणि ते त्याच दिवशी व्हावे लागते. डमडमकरांना त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. भुयारी रेल्वेचा डमडम ते बेलगाछिया हा टप्पा 1984 मध्ये सुरू झाला, आणि त्या एका स्थानकाच्या अंतरावर 1893 मध्ये स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

तपासणीत खडा सापडत नाही, जंतूही सापडत नाहीत आणि तरीही मूत्राशय सुजलेले आहे, असेही पुष्कळदा घडते. तरुण मांजरांच्या मूत्रविकारांत निम्म्याहून अधिक प्रकरणे या जातीची असतात. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाचे टोनी बफिंग्टन व त्यांचे सहकारी यांनी या आजाराचा मांजराच्या मनःस्थितीशी असलेला संबंध दाखवून दिला. 2011 च्या त्यांच्या अभ्यासात असे दिसले की, दिनक्रम विस्कटला की निरोगी मांजरेही कमी खातात आणि भांड्याबाहेर लघवी करतात. डमडमच्या घरात असे प्रसंग कमी नाहीत. पूजेपूर्वीची रंगरंगोटी, पाहुण्यांची वर्दळ, कालीपूजेच्या रात्रीचे फटाके, नवे बाळ, नवे मांजर, यांतील काहीही पुरते.

आता भांड्याविषयी. अमेरिकेतही पूर्वी राख आणि वाळूच वापरत. 1947 मध्ये एडवर्ड लो याने एका शेजारणीला तिच्या मांजरासाठी पाणी शोषून घेणारी माती दिली आणि त्यातून एक मोठा व्यापार उभा राहिला. ही माती आपल्याकडील मुलतानी मातीच्या जातीची होती. ओली होताच गोळा होणारी बेंटोनाइट माती नंतर आली व आता भारतातील शहरांतही विकली जाते. ती परवडत नसेल तर चाळलेली नदीची वाळू चालते. पण बंगालच्या पावसाळ्यात ती वाळत नाही. ओल्या वाळूत जंतूंच्या क्रियेने लघवीतून अमोनिया सुटतो. माणसाला तो दर्प जाणवण्याआधी मांजराने भांडे टाकलेले असते. म्हणून गोळे रोज दोनदा काढावेत आणि पावसाळ्यात वाळू नेहमीपेक्षा लवकर बदलावी. भांडे मांजराच्या लांबीच्या दीडपट असावे, वाळूचा थर तीन-चार सेंटिमीटर असावा. दोन मांजरे असल्यास तीन भांडी ठेवावीत, आणि तीही एकाच ओळीत नव्हे. अन्यथा दांडगे मांजर वाट अडवून बसते. अन्नाच्या वाटीशेजारी भांडे ठेवण्याची चूक तर अनेक घरांत होते.

स्वच्छतेच्या उत्साहात भांडे फिनेलने धुण्याची पद्धत मात्र तत्काळ सोडावी. तिचा उग्र वास मांजराला दूर लोटतो, आणि धोका वासापुरताच नाही. फिनॉलवर्गीय द्रव्यांचा निचरा करण्यासाठी माणसाच्या यकृतात जे विकर असते, ते मांजरात कामच करीत नाही. काळ्या फिनेलने पुसलेल्या फरशीवरून चालून पंजे चाटणाऱ्या मांजराच्या पोटात हे विष जाते. याच कारणाने पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते. भांड्यासाठी गरम पाणी व सौम्य साबण पुरेसा आहे. गादीवरील डाग विकरयुक्त द्रवाने धुवावा. अमोनियायुक्त द्रवाचा वास मांजराला लघवीसारखाच वाटतो व ते पुन्हा तेथेच येते.

भिंतीवर किंवा दारावर शेपटी उभारून फवारा मारणे ही गोष्ट वेगळी. ती आपल्या हद्दीची गंधखूण होय. खच्चीकरण केल्यावर बहुतेक बोके ही सवय सोडतात.

बिघडलेली सवय मारून सुधारत नाही. नाक घाणीत घासल्याने मांजर माणसाला भिऊ लागते व पुढे पलंगाखाली लपून विधी उरकते. आजार नाही याची खात्री झाल्यावर त्याला एका लहान, शांत खोलीत ठेवावे. एका कोपऱ्यात नवे भांडे, दुसऱ्या कोपऱ्यात अन्नपाणी, आणि मधे एक जुनी चादर. दोन भांड्यांत दोन प्रकारची माती घालून मांजर कोणती निवडते ते पाहावे. ते सलग काही आठवडे भांडे वापरू लागले की घराची एकेक खोली त्याला पुन्हा मोकळी करावी आणि पसंत पडलेली माती बदलू नये.