छत्तीसच आहे म्हणू नकोस

अगं, काल फोनवर किती सहज म्हणालीस, "ताई, इथं कल्याणला छत्तीसच आहे, आपल्या अकोल्यापुढे हे काहीच नाही." आई शेजारीच बसली होती, म्हणून मी विषय वाढवला नाही. तिला उगाच घोर लागला असता. पण तुला सातवा लागलाय आणि माझ्या डोक्यातून तो आकडा जात नाहीये. म्हणून आज सगळं सविस्तर सांगते.

आपण दोघी पंचेचाळिसात वाढलो. दुपारी दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, कूलरमध्ये वाळा भरायचा, बाहेर पडताना डोकं-तोंड दुपट्ट्यानं गुंडाळायचं, संध्याकाळी अंगणात पाणी मारायचं. हे शहाणपण खरंच आहे, पण ते कोरड्या उन्हाचं आहे. आपलं अंग थंड होतं ते नुसता घाम येऊन नाही, तर तो घाम वाळून. अकोल्यात घाम कधी आला नि कधी वाळला कळत नाही. तुमच्याकडे हवाच दमट. घाम ओघळतो, गाऊन पाठीला चिकटतो आणि उष्णता मात्र अंगातच राहते. ती बाहेर टाकायला हृदय जास्त रक्त कातडीकडे ढकलत राहतं. तुझं हृदय तर आधीच दोघांसाठी काम करतंय.

खारघरची घटना आठवते ना? १६ एप्रिल २०२३. पुरस्काराच्या कार्यक्रमाला लाखो माणसं भर दुपारी उघड्या मैदानात बसली होती. पारा ३८च्या आसपास होता, चाळिशीलाही टेकला नव्हता. सरकारी आकड्याप्रमाणे १४ जण उष्माघातानं गेले. आपल्याकडे अडतीसला लोक लग्नाच्या वरातीत नाचतात. म्हणूनच हवामान खातं उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात ४० अंशांची पातळी धरतं आणि किनारपट्टीला ३७ची. तेव्हा तुझं छत्तीस 'काहीच नाही' नाहीये, बाळा.

आणि हे दरवर्षीचंच, असंही समजू नकोस. हवा एका अंशानं तापली की साधारण ७ टक्के जास्त वाफ धरून ठेवते, आणि तुमच्या शेजारचा अरबी समुद्रही तापत चाललाय. २०२४ हे मोजणी सुरू झाल्यापासूनचं जगातलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. २०२५ मध्ये तर मुंबई-ठाण्याला फेब्रुवारीतच उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला. तुझ्या सासूबाई म्हणतात ना, "आमच्या वेळी पंख्यावर भागायचं"? त्या खोटं बोलत नाहीत. तेव्हा भागतही असेल.

मला सगळ्यात काळजी वाटते ती रात्रीची. तुमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री ती उष्णता खाली सोडतो. रात्री अंग निवलं नाही तर दुसऱ्या दिवशीचं ऊन आदल्या दिवसाच्या थकव्यावर चढतं. तू म्हणालीस की कूलर घेऊन टाकतो. नको घेऊ. कूलर हवेत ओल सोडतो आणि बंद खोलीत तर तुझा घाम आणखीच वाळेनासा होईल. त्यापेक्षा समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेव, जाळ्या लावून घ्या. झोपण्यापूर्वी अंघोळ कर, मानेवर नि हातांवर ओला पंचा फिरव आणि मग पंख्याखाली पड. सोसायटीत बोलून गच्चीला पांढरा रंग किंवा चुना लावता आला तर बघा. खर्च फार नाही आणि फरक पडतो. एसी परवडत असेल तर या दोन महिन्यांत खुशाल लावा, त्यात कसली आलीय चैन!

स्वयंपाकघराचंही तेच. बाहेर छत्तीस असताना ओट्यापाशी किती होतं, हे कुणी मोजत नाही, कारण तिथं उभ्या आपणच असतो. पोळ्या सकाळी लवकर उरकून घे. संध्याकाळी कुकरवर भागव नाहीतर नवऱ्याला उभं कर. गरम फुलका एक दिवस नाही मिळाला तर कुणाचं काही बिघडत नाही.

आता जे तू मला सांगितलं नाहीस पण मी ओळखलं, ते बोलते. लोकलमध्ये आणि ऑफिसात धड बाथरूम नाही म्हणून तू सकाळपासून पाणीच पीत नाहीस. आपल्या कितीतरी बायका हेच करतात. मग उन्हाळी लागते, लघवीला जळजळ होते, आणि आपण धण्याचं पाणी पिऊन गप्प बसतो. एरवी ठीक, पण गरोदरपणात लघवीचा संसर्ग अंगावर काढला तर दिवस भरण्याआधीच कळा सुरू होऊ शकतात. उष्णतेचाही मुदतीआधीच्या बाळंतपणाशी आणि बाळाच्या कमी वजनाशी संबंध दिसून आलाय. तुला घाबरवायला नाही सांगत. पण लघवी गडद पिवळी दिसली की तो इशारा समज. बाटली बरोबर ठेव, घोट घोट पीत राहा. ताक, पन्हं, कोकम सरबत, काहीही चालेल. लाज वाटली तरी ऑफिसात बाथरूमचा विषय काढ, बाकीच्या बायका तुझ्या मागे उभ्या राहतील. जळजळ, पोटात कळ, सारखं डोकं दुखणं किंवा बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर लगेच डॉक्टरांकडे जा. मला फोन नंतर कर.

सासूबाईंकडेही लक्ष दे. वय झालं की तहान लागल्याचं कळत नाही, त्यामुळे त्यांनी मागायची वाट न बघता पेला हातात दे. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, तेव्हा उन्हाळ्यात डोस बदलायचा का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनानं बंद करू नका. त्यांचं इन्सुलिन ओट्यावर किंवा खिडकीपाशी राहता कामा नये. आणि घरात कुणीही उन्हानं भलतंसलतं बोलायला लागलं किंवा शुद्ध हरपली, तर कांदा नाही नि तापाची गोळीही नाही. आधी अंगावर पाणी ओता, वारा घाला, आणि १०८ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

पाणीकपात म्हणून ड्रम भरून ठेवता ना? त्यांना घट्ट झाकण हवं. आठवड्यातून एकदा रिकामे करून आतून घासा, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. उष्ण हवेत डास लवकर वाढतो आणि त्याच्या अंगात विषाणूही लवकर तयार होतो. तेव्हा पावसाळ्याची वाट बघू नका.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. तुझी तारीख जूनच्या शेवटी आहे. तू सगळी रजा बाळंतपणानंतरसाठी राखून ठेवायची म्हणतेस, ते मला कळतं. पण कायद्यानं मिळणाऱ्या २६ आठवड्यांतले ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. म्हणजे मेच्या सुरुवातीपासून तू घरी राहू शकतेस. भर मे महिन्यात ठासून भरलेल्या डब्यात उभं राहून तू कुणाला काय सिद्ध करून दाखवणार आहेस? घरून काम देतात का ते आधी विचार. नाहीच दिलं तर निदान दोन-तीन आठवडे तरी आधी घे. या सोमवारी साहेबांशी बोल आणि काय म्हणाले ते मला रात्री कळव. त्यांना अर्ज कसा लिहायचा ते आपण दोघी मिळून बघू.