रात्री तो कुठे झोपतो?



हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जाताना आपण खिशात सुटे पैसे ठेवतो. रस्त्याच्या कडेला बसलेल्यांना देतो आणि पुढे जातो. दान चांगलेच, पण तो माणूस रात्री कुठे झोपतो, हे कोणी विचारले? मीही विचारले नव्हते. ज्याचे त्याला देणे म्हणजे न्याय, हे संत थॉमस अक्वायनस यांचे म्हणणे सेमिनरीत पाठ केले, परीक्षेत गुण मिळवले, एवढेच.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे मूळ मात्र वस्तीतच आहे. अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅनशार्ट नागपाड्याच्या गरीब वस्तीत काम करीत होते. त्या कामातून १९३६ मध्ये समाजकार्याचे विद्यालय उभे राहिले. कॅथलिक धर्मभगिनींचे निर्मला निकेतन १९५५ चे. आपल्या नगरलाही सीएसआरडी आहे. या सर्व ठिकाणी वर्गाइतकेच क्षेत्रकार्य महत्त्वाचे.

टाटा संस्थेने २००६ मध्ये बेघर व निराधारांसाठी ‘कोशिश’ उपक्रम सुरू केला. त्यांच्यासमोर प्रश्न होता १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याचा. उदरनिर्वाहाचे साधन दिसत नाही आणि माणूस रस्त्यावर भटकतो, एवढ्यानेही तो या कायद्याने भिकारी ठरतो. वॉरंटशिवाय अटक, पहिल्यांदा १ ते ३ वर्षे, पुन्हा सापडल्यास १० वर्षांपर्यंत डांबून ठेवण्याची तरतूद. म्हणजे घर नसणे हाच गुन्हा! दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरत्या यातील अनेक तरतुदी रद्द केल्या.

त्याच वर्षी ‘कोशिश’ने बिहारमधील निवारागृहांची तपासणी करून अहवाल दिला. मुजफ्फरपूरच्या मुलींवरील अत्याचार त्यातून उघड झाले. जानेवारी २०२० मध्ये १९ जण दोषी ठरले. कोणीतरी आत जाऊन ऐकून घेतले, म्हणून हे घडले.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख बेघर नोंदले गेले. पदपथ, पुलाखाली, फलाटावर झोपणारे, प्रार्थनास्थळात झोपणारेसुद्धा. (आपल्या चर्चच्या व्हरांड्याला रात्री कुलूप असते, हे मला तेव्हा आठवले.)

समाजकार्य शिकणाऱ्या आपल्या युवकांनी पुढच्या रविवारी मिस्सेनंतर थांबावे. रात्री एस.टी. स्टँडवर जाऊन बसायचे व बोलायचे आहे. सुरुवातीला काही वाटायला नेऊ नये, असे मला वाटते. हातात बिस्किटाचा पुडा दिला की समोरचा आभार मानतो आणि गप्प होतो. वडीलधाऱ्यांपैकी कोणी सोबत येणार असेल तर तेही चालेल; शाल घेऊन या, थंडी असते.