आवाज फुटलेल्या मुलांसाठी समूहगीत कसे निवडावे?



15 ऑगस्ट जवळ आला की शाळाशाळांत समूहगीताची तयारी सुरू होते. सहावीपर्यंत गोड गाणारी मुलं सातवी-आठवीत अचानक बेसूर वाटू लागतात. मग कुणीतरी म्हणतं, "तू मागं उभा राहा, नुसते ओठ हलव." एवढ्या एका वाक्याने कितीतरी मुलांचं गाणं कायमचं सुटतं. खरं तर अशा वेळी मुलगा बदलायचा नसतो, गाणं बदलायचं असतं.

आवाज का फुटतो?

साधारण 12 ते 15 या वयात मुलांचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते. स्वरतंतू लांब व जाड होतात, कंठमणी दिसू लागतो आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही आवाज बदलतो, पण थोडासाच. या काळात मुलाचे वरचे सूर गेलेले असतात आणि खालचे अजून पक्के झालेले नसतात. हाताशी उरतात पाच-सहा सूर. गाणं त्या सुरांत बसलं पाहिजे.

आधी आवाज तपासा

तीन-चार मुलांना एकत्र बोलवा. एकट्याला वर्गासमोर उभं करू नका. प्रत्येकाला एक ते दहा अंक सहज बोलायला लावा. त्या बोलण्याच्या जवळचा सूर पेटीवर शोधा. तिथून एकेक सूर खाली आणि वर न्या. घसा ताणला की थांबा. दोन्ही टोकं वहीत लिहून ठेवा. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तपासा, कारण आवाज तोवर सरकलेला असतो.

पट्टी कोणती?

मुला-मुलींचा एकत्र गट असेल तर काळी चार धरून पाहा. या पट्टीत सा ते प एवढे सूर मुलींना जमतात आणि आवाज फुटत असलेल्या बऱ्याच मुलांनाही. तार षड्ज मात्र या मुलांकडे मागू नका. त्या ओळी मुलींना आणि आवाज न बदललेल्या मुलांना द्या.

आपल्या मातीतली सोय

पोवाड्यात शाहीर पुढे गातो आणि झीलकरी मोजक्या सुरांत 'जी जी' धरतात. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे आणि पसरणीचे शाहीर साबळे ही तर आपल्या सांगली-साताऱ्याचीच माणसं. भजनातही बुवा चाल उचलतो आणि टाळकरी ध्रुवपद धरतात. माउलींची पालखी लोणंद-फलटणवरून जाते, तेव्हा हे मुलांनी ऐकलेलंच असतं. म्हणजे कमी सुरांत गाणाऱ्यालाही आपल्या परंपरेत मानाची जागा आहे. ती जागा या मुलांना द्या. सोबत डफ, टाळ, ढोलकीही त्यांच्या हातात द्या, पण गाण्याच्या बदल्यात नव्हे.

राज्यगीताचे काय?

राजा बढे यांनी लिहिलेलं, श्रीनिवास खळे यांनी संगीत दिलेलं आणि शाहीर साबळे यांनी गायलेलं 'जय जय महाराष्ट्र माझा' 19 फेब्रुवारी 2023 पासून राज्यगीत आहे. ते सगळ्यांनाच म्हणायचं असतं. इथे निवड आपल्या हातात नाही, पण पट्टी आहे. सूर जिथे फार चढतो तिथे मुलांना खालच्या सप्तकात उतरू द्या. ओरडून वर पोचायला लावू नका.

गाणं ठरवताना तीन प्रश्न विचारा:

1. ध्रुवपद पाच-सहा सुरांत बसते का?
2. चाल एकदम उंच उडी घेते का?
3. शब्द तेरा-चौदा वर्षांच्या पोराला शोभतात का? बडबडगीत दिलं तर तो लाजून गप्प बसेल.

यंदाच्या यादीतलं प्रत्येक गाणं या तीन प्रश्नांवर तपासून पाहा. मागच्या रांगेत गप्प उभं राहणारं एखादं पोर यंदा गाऊ लागेल.